म्युनिकला शिकायला आलात आणि त्सुगश्पिट्झ चालत चढायचाय? मग हे वाचा

म्युनिकमध्ये शिकणाऱ्या मराठी पोरापोरींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उन्हाळा लागला की एक मेसेज हमखास पडतो: "या शनिवारी त्सुगश्पिट्झ. कोण कोण येतंय?" खाली धडाधड अंगठे येतात. त्यातल्या निम्म्यांनी कळसूबाई केलेलं असतं, दोघातिघांनी राजगड-तोरणा, आणि एखाद्याने पावसात हरिश्चंद्रगड. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: जरूर जा, पण या शनिवारी नको.

कारण साधं आहे. त्सुगश्पिट्झ हा जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर, उंची 2962 मीटर. पायथ्याचं गार्मिश-पार्टेनकिर्शेन साधारण 700 मीटरवर, म्हणजे चढ सव्वाबावीसशे मीटरचा. बारी गावातून कळसूबाईची चढाई नऊशे मीटरच्या आतबाहेर भरते, तेव्हा इथे एका दमात जवळजवळ अडीच कळसूबाई. शिवाय हा डोंगर दिसायला फसवा आहे. माथ्यापर्यंत केबल कार जाते, माथ्याखालच्या पठारापर्यंत दातेरी रुळांची रेल्वे जाते, वर बिअर मिळते. त्यामुळे चालत जाणंही तसंच सोपं असणार असं वाटतं. चालणाऱ्याची वाट मात्र 1820 सालीच होती तितकीच लांब आहे. त्या वर्षी 27 ऑगस्टला योझेफ नाउस हा लष्करी मोजणीदार दोन साथीदारांना घेऊन रेनटालच्या दरीतून वर पोचला, ती या शिखरावरची पहिली नोंदलेली चढाई. आपणही त्याच दरीतून जायचं आहे.

पहिलं काम: वाट निवडा, आणि रेनटालच निवडा

माथ्यावर जाणाऱ्या चार वाटा चर्चेत असतात.

हॉलेनटालची वाट इन्स्टावर सगळ्यात जास्त दिसते. घळीतून सुरुवात, मग कातळात ठोकलेल्या लोखंडी सळ्यांवर पाय ठेवत आडवं जायचं, पुढे हॉलेनटालफेर्नर ही हिमनदी ओलांडायची आणि शेवटी कित्येक तास कातळाला जखडलेल्या लोखंडी तारेला क्लिप लावत चढायचं. त्यासाठी हेल्मेट, हार्नेस, क्लेटरश्टाइगचा सेट (तारेला अडकवायच्या क्लिपांचा) आणि बर्फावर चालायला क्रॅम्पॉन लागतात, आणि ते सगळं वापरायची सवयही लागते. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी तारेवर अक्षरशः रांग लागते. पहिल्या वर्षी ही वाट डोक्यातून काढून टाका. सह्याद्रीत रॉकपॅच केलेत हा मुद्दा इथे चालत नाही, कारण आपल्याकडे हिमनदी नसते.

आइबझे तलावाच्या बाजूने किंवा ऑस्ट्रियातल्या एरवाल्डहून वीनर-नॉयश्टेटर हटमार्गे (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) जाणारी वाट लांबीने कमी, पण वरचा भाग तारांचा आणि उघडा. एरवाल्डहूनच गाटर्ल नावाच्या खिंडीतून येणारी आणखी एक वाट आहे. ती तुलनेने सोपी आणि देखणी आहे, पण सुरुवात ऑस्ट्रियात असल्याने येण्याजाण्याचं आणि कागदपत्रांचं गणित वाढतं.

राहिली रेनटाल. सगळ्यात लांब, साधारण 21 किलोमीटर. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपी. तारा फक्त शेवटच्या टप्प्यात. वाटेत दोन मोठ्या हट आहेत, म्हणजे मुक्काम करता येतो. इथे तुमचा कस लागतो तो दमाचा आणि वेळेच्या हिशेबाचा. दोन दिवस ठेवा. एका दिवसात करणारे आहेत, पण ते इथे वाढलेले लोक, दर आठवड्याला डोंगरात जाणारे. त्यांच्याशी स्पर्धा करायची काही गरज नाही.

वर्षाचं वेळापत्रक

तुम्ही बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरता. विंटर सेमिस्टर सुरू होतं आणि त्याच सुमाराला वरच्या हट बंद व्हायला लागतात. म्हणजे पहिल्या हंगामात त्सुगश्पिट्झ नाहीच. याची चिडचिड होते, पण त्यात फायदाच आहे.

ऑक्टोबरात जेव्हा पानं पिवळी होतात आणि हवा आठ-आठ दिवस कोरडी राहते, तेव्हा एखादा छोटा डोंगर करा. कोखेलजवळचा योखबेर्ग 1565 मीटरचा, चढ सातशेच्या आसपास, खाली दोन तलाव. इथल्या पिवळ्या पाट्या, पायवाटेची आखणी, आपला वेग हे सगळं त्यात कळतं. नोव्हेंबर ते एप्रिल उंचावर जाऊ नका. बर्फ दिसायला मऊ असतो, पण हिमस्खलनाचं शास्त्र वेगळं आहे आणि ते शिकल्याशिवाय त्यात पाय टाकू नये. हा काळ युनिव्हर्सिटीच्या क्रीडाकेंद्रासाठी वापरा. म्युनिकच्या विद्यार्थ्यांसाठी झेड.एच.एस. आहे. तिथे चढाईच्या भिंतीपासून डोंगरी कोर्सपर्यंत बरंच काही विद्यार्थ्यांच्या दरात मिळतं. जागा चटकन भरतात, नोंदणी उघडते त्या दिवशीच क्लिक करा.

मे-जूनमध्ये गार्मिशचा वांक (1780 मीटर, चढ हजाराच्या वर) किंवा हेर्त्सोगश्टांड ते हाइमगार्टेन ही धार करा. हाइमगार्टेनची धार मला फार आवडते, कारण दोन्ही बाजूंना उतार असलेल्या अरुंद वाटेवर आपलं डोकं कसं वागतं ते तिथे कळतं. पाय थरथरले तर काही बिघडत नाही, पण ते तिथे कळलेलं बरं. मग परीक्षा. ऑगस्टात क्रोटेनकोप्फ, 2086 मीटर, दिवसभराची चाल. तो करून दुसऱ्या दिवशी तुम्ही जिना नीट उतरू शकत असाल तर तयारी झाली. त्सुगश्पिट्झसाठी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य धरा. जुलैतही चालतं, पण वरच्या पठारावर तेव्हा जुना बर्फ उरलेला असू शकतो. सप्टेंबरात वादळं कमी होतात, गर्दी ओसरते, फक्त दिवस लहान होत जातो.

सदस्यत्व, विमा, कागद

हे कंटाळवाणं आहे, पण एका संध्याकाळीत होतं.

डॉयचर आल्पेनफेराइन, सगळे डी.ए.व्ही. म्हणतात, ही 1869 साली म्युनिकमध्ये सुरू झालेली गिर्यारोहण संघटना. रेनटालांगर हट, क्नोर हट आणि माथ्यावरचं म्युंशनर हाउस या तिन्ही तिच्या म्युनिक शाखेच्या. सदस्य झालात की हटमध्ये झोपायची जागा स्वस्त पडते, शाखेतून सामान भाड्याने मिळतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोंगरातल्या शोध आणि सुटकेचा विमा मिळतो. पंचविशीच्या आतल्यांना वर्गणी कमी.

विम्याची गंमत अशी. तुमचा नेहमीचा आरोग्य विमा जखमी माणसाच्या उपचाराचा खर्च बघतो. पण तुम्हाला खरचटलेलंही नाही, फक्त कड्यावर अडकलात, पुढे जाता येईना आणि मागेही, आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, तर तो खर्च बहुतेकदा तुमच्याच खिशातून. भारतातून घेतलेला किंवा तिशीनंतरच्या विद्यार्थ्यांना घ्यावा लागणारा खासगी विमा असेल तर बारीक अक्षरातला मजकूर उघडून डोंगर, चढाई, साहसी खेळ हे शब्द शोधा.

कागदांपैकी रहिवासी परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट जवळ ठेवा. जर्मनी-ऑस्ट्रियाची सीमा या डोंगराच्या माथ्यावरूनच जाते. परवान्याचं नूतनीकरण अडकलेलं असेल तर ऑस्ट्रियाच्या बाजूने उतरायचा बेत करण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात विचारा.

वेळ मोजायला शिका

आपल्याकडे ट्रेक लीडरला विचारायचं, "किती राहिलं?" तो म्हणणार, "हे काय, समोर." दीड तासाने पुन्हा तेच. इथे पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात, आणि ते तास एका ठरलेल्या हिशेबातून येतात. तो हिशेब स्वतः करता यायला हवा.

सपाटीवर ताशी 4 किलोमीटर. चढाला ताशी 300 मीटर. उताराला ताशी 500 मीटर. आडवं अंतर आणि उभं अंतर यांचे तास वेगवेगळे काढायचे. जो आकडा मोठा तो पूर्ण घ्यायचा, जो लहान त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. रेनटालला लावून बघा. 21 किलोमीटर म्हणजे सव्वापाच तास. सव्वाबावीसशे मीटर चढ म्हणजे जवळजवळ साडेसात तास. साडेसात अधिक अडीच, झाले दहा तास. यात जेवण, फोटो, बुटात गेलेला खडा यातलं काहीच धरलेलं नाही.

आता तयारीच्या छोट्या डोंगरांवर हाच हिशेब ताडून बघा. वांक करताना पाटीवरच्या वेळेपेक्षा तुम्हाला दीडपट लागली, तर इथेही दीडपटच लागणार. म्हणजे पंधरा तास. एका दिवसाचा हट्ट इथेच सुटतो.

आणि ग्रुपचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग. तीन-चार जण पुरे. हळू चालणारा पुढे ठेवा, मागे नाही. बारा जणांचा ग्रुप केलात की पुढचे सहा पोचून सेल्फी काढत असतात आणि मागचे दोघं चुकीच्या फाट्याला.

सामान

बूट सोडून बाकी सगळ्यावर पैसे वाचवता येतात. सह्याद्रीत साध्या कापडी बुटांवर आयुष्य काढलेले लोक आहेत, मला ठाऊक आहे. पण इथला दगड चुनखडीचा. हजारो बुटांनी गुळगुळीत झालेला, आणि ओला झाला की तेल लावल्यासारखा निसरडा. घोट्यापर्यंत येणारा, जाड आणि नक्षीदार तळव्याचा बूट घ्या, आणि तो आधी दोनतीन छोट्या डोंगरांवर घालून रुळवा. नवे बूट थेट रेनटालला नेऊ नका.

जीन्स घरी ठेवा. आतला टी-शर्टही सुती नको, घामाने भिजला की वर अंगावर गारठा धरतो. हिशेब सांगतो: दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी घसरतं. म्युनिकमध्ये 28 अंश असतील तर माथ्यावर तेरा-चौदा, वरून वारा. ऑगस्टातही बर्फ पडलेला आहे. म्हणून पावसाचं जाकीट, एक उबदार थर, टोपी, पातळ हातमोजे. हातमोज्यांना हसू नका, शेवटच्या टप्प्यात लोखंडी तार गार असते आणि तिचे सुटलेले धागे टोचतात. डोक्याला लावायची बॅटरी, गॉगल, सनस्क्रीन, प्रथमोपचार, पॉवर बँक. काठ्या उतारासाठी आणि घसाऱ्यासाठी.

हटसाठी पातळ कापडाची झोपायची पिशवी लागते, ती न्यावीच लागते, ब्लँकेट तिथे असतं. रोख पैसे ठेवा. कार्ड चालेल अशा भरवशावर डोंगरात जाऊ नये.

खाण्याचं आपल्याकडे उत्तम आहे. थेपले, पोळीचे गुंडाळलेले रोल, गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. हे वजनाला हलके आणि चालता चालता खाता येतात. पाणी दीड ते दोन लिटर. रेनटालांगर हटवर भरून घ्या, कारण वर वाटेत पाण्याचा भरवसा नाही. अख्खं पठार चुनखडीचं असल्याने वरचं पाणी भेगांतून जमिनीत जिरतं आणि खाली दरीत, हटच्या थोडं वर, पार्टनाख नदीचा उगम म्हणून एकदम बाहेर उसळतं. बघायला सुंदर, पण तहान वर लागते.

हवामान

मोबाइलमधलं नेहमीचं अॅप "गार्मिश, ऊन, 24 अंश" सांगेल. ते गावाचं हवामान. तुम्हाला डोंगराचं हवं. आल्पेनफेराइनच्या आणि जर्मन हवामान खात्याच्या संकेतस्थळांवर डोंगरासाठी वेगळा अंदाज असतो: शून्य अंशाची रेषा किती उंचीवर, माथ्यावर वारा किती, वादळाची शक्यता केव्हापासून. तो तीन दिवस आधीपासून रोज बघा. त्सुगश्पिट्झच्या माथ्यावर 1900 सालापासून हवामान केंद्र आहे, आणि वर वेबकॅमही आहेत. ताजा बर्फ पडलाय का, पठारावर जुना किती उरलाय, हे घरबसल्या दिसतं.

आता मराठी माणसाला पटायला सगळ्यात जड जाणारी गोष्ट. आपल्याला पाऊस म्हणजे ट्रेकचा हंगाम. ढगात हरवलेला किल्ला, भिजत खाल्लेली भजी, पाऊस नसेल तर मजा काय. आल्प्समध्ये पाऊस म्हणजे घरी बसायचं. वर तोच पाऊस गारा किंवा बर्फ होऊन पडतो, ढगात पाट्या दिसत नाहीत, आणि ओल्या कपड्यांत वाऱ्याने शरीराचं तापमान भरभर उतरतं.

त्याहून वाईट वीज. उन्हाळ्यात सकाळ निरभ्र, अकराला कापसासारखे ढग, दोन-तीनला गडगडाट, हा इथला नेहमीचा क्रम. वरच्या टप्प्यात आपण लोखंडी तार धरून धारेवर असतो. म्हणून नियम ठेवा: दुपारी बाराच्या आसपास माथ्यावर, त्यानंतर उघड्या धारेवर नाही. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर अंतर. अंतर कमी होतंय असं दिसलं की तार सोडा, धार सोडा, खाली उतरा. अंदाजात वादळ असेल तर बुकिंगचे पैसे गेले समजा आणि कोखेलला पोहायला जा.

हट म्हणजे काय, तिथे कसं वागायचं

हट म्हणजे हॉटेल नव्हे, हॉस्टेलही नव्हे. रेनटालांगर आणि क्नोर, दोन्हीकडे सामायिक झोपायचे हॉल असतात, लाकडी ओट्यावर एकाला एक लागून गाद्या. ऑनलाइन आरक्षण आधी करा. शनिवार हवा असेल तर कित्येक आठवडे आधी. विद्यार्थी आहात, मंगळवार-बुधवार धरा, जागाही मिळते आणि वाटाही मोकळ्या. येणं रद्द झालं तर कळवा, न कळवता गैरहजर राहिलात तर पैसे कापले जातात.

दारातच बुटांची खोली असते. तिथे ओल्या चामड्याचा आणि मोज्यांचा जो वास असतो तो आपल्याकडच्या कुठल्याही मुक्कामाला मागे टाकेल. बूट तिथे काढायचे, फळीवर ठेवायचे, खुंटीला काठ्या अडकवायच्या आणि आत सपाता घालून जायचं. हटच्या वहीत नाव, पत्ता आणि उद्याची वाट लिहायची. हा नुसता उपचार नव्हे: कोणी पोचलं नाही तर शोध याच वहीपासून सुरू होतो. रात्री दहाला दिवे बंद, आणि दहा म्हणजे दहा. गप्पांचे फड अंगणात उरका. पिशव्यांची खुसखुस पहाटे नको असेल तर सॅक आदल्या रात्रीच भरा.

शाकाहारी असाल तर केझश्पेत्झ्ले (चीज घातलेले शेवयांसारखे गोळे) आणि काइझरश्मार्न (फाडलेला गोड धिरडा) हे दोन पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. दोन्हींत अंडं असतं. भाजीचं सूप, मसुराचं सूप शाकाहारी आहे असं गृहीत धरू नका, विचारा. आपला डबा उघडून हटच्या टेबलावर पंगत मांडणं बरं दिसत नाही, हट त्या जेवणावरच चालते. थेपले बाहेर बाकावर खा.

आणखी एक. शहरात दुकानदाराशीही 'झी' (तुम्ही) म्हणून अदबीने बोलणारे लोक हजार मीटरच्या वर गेले की अनोळखी माणसालाही थेट 'डू' (तू) म्हणतात. वाटेत समोरून येणाऱ्याला "सेर्वुस" किंवा "ग्रुस गॉट" म्हणायचं. मान खाली घालून निघून गेलात तर उद्धट दिसतं.

पहिला दिवस: गार्मिश ते रेनटालांगर हट

म्युनिक मुख्य स्थानकावरून गार्मिशला तासाला एक प्रादेशिक गाडी, वेळ साधारण एक तास वीस मिनिटं. डॉयचलांड-टिकेट (देशभराच्या प्रादेशिक गाड्यांचा पास) त्यावर चालतं. डोंगरावरच्या रेल्वेला आणि केबल कारला ते चालत नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा. आठ-साडेआठला गार्मिश गाठा. स्थानकावरून 1936 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्की स्टेडियमपर्यंत बस किंवा पायी. वाट तिथून सुरू होते.

पहिलाच तुकडा पार्टनाखच्या घळीचा. सातशे मीटर लांब, काही ठिकाणी ऐंशी मीटर खोल, कातळात कोरलेल्या वाटेवरून आपण चालतो आणि खाली पाणी गर्जत असतं. वरून ठिबकतं, जाकीट घाला. तिकीट आहे. उशीर केलात तर पर्यटकांच्या गर्दीत अर्धा तास जातो. काही वेळा घळ बंद असते, तेव्हा वरून वळसा घालणारी वाट घ्या.

घळ संपली की पुढे रुंद रस्ता, नदीच्या कडेने, हळूहळू चढणारा. इथे कंटाळा येतो आणि लोक पळत सुटतात. पळू नका, खरं काम उद्या आहे. बॉक हटपाशी थांबून काही खा. त्याच्यापुढे दरी अरुंद होते, दोन्हीकडे करड्या भिंती, मध्ये निळसर नदी. मोबाइलची रेंज बराच वेळ नसते, म्हणून नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा आणि घरी कोणाला तरी "संध्याकाळी मेसेज आला नाही तरी घाबरू नका" असं आईला कळेल अशा भाषेत सांगून ठेवा. चार-साडेचार तासांत, 1370 मीटरवर, रेनटालांगर हट. दुपार हातात उरते. नदीत पाय बुडवून बसा, जास्तीत जास्त दोन मिनिटं बसवेल.

दुसरा दिवस: माथा

सहाला निघा. सोळाशे मीटर चढायचे आहेत, साडेपाच-सहा तास.

हट सोडली की वाट एकदम उभी होते. झुडपांतून, मग उघड्या दगडांतून नागमोडी, सातशे मीटर, दोन-सव्वादोन तासांत क्नोर हट. इथे ताजी खबर विचारा: वर बर्फ आहे का, ढग कसे दिसतायत. नऊपर्यंत इथे पोचला नसाल तर तुमचा वेग बेतापेक्षा कमी आहे. तसं असेल तर माथ्याचा विचार वरच्या सोनआल्पिन स्थानकाला गेल्यावर करू असं ठरवून टाका.

क्नोरच्या वर पठार. झाड नाही, गवत विरळ, नुसते करडे दगड आणि खडकावर रंगवलेले लाल ठिपके. ढग उतरले तर एक ठिपका दिसल्याशिवाय मागचा सोडू नका. डावीकडे वर दक्षिण श्नेफेर्नरचा उरलासुरला बर्फ. 2022 मध्ये तो हिमनदी म्हणून गणणं थांबवण्यात आलं, कारण बर्फ इतका पातळ झाला की तो वाहतच नाही. इथे उंचीही जाणवू लागते. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. डोकं हलकं दुखणं, दम लागणं नेहमीचं आहे. मळमळ, चक्कर, अडखळती पावलं दिसली तर खाली उतरायचं, गोळी खाऊन वर नाही.

सोनआल्पिन हे पठारावरचं रेल्वे-स्थानक आणि रेस्टॉरंट. इथून माथ्यापर्यंत चारशे मीटर उरतात आणि इथूनच एक छोटी केबल कार माथ्यावर जाते. निर्णयाची जागा हीच. साडेअकरा वाजून गेलेत, ढग चढतायत, किंवा कोणाचे पाय लटपटतायत, तर तिकीट काढा आणि केबल कारने जा. वीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाला कोणी कमी लेखत नाही, आणि लेखलं तर लेखू द्या.

पुढे जाणार असाल तर आधी घसारा. दोन पावलं वर, एक खाली. पुढच्याच्या पायाखालून दगड सुटतात, म्हणून अंतर ठेवा आणि दगड सुटला तर ओरडून सांगा. मग धार, आणि धारेवर तारा. तार धरायची, पण वजन पायांवर ठेवायचं. समोरून उतरणारे असतील तर सुरक्षित जागी थांबून वाट द्या. उजव्या-डाव्या बाजूच्या खोलीकडे बघायची हौस असेल तर थांबून बघा, चालताना नाही.

आणि मग अचानक काँक्रीटचा जिना, लोखंडी कठडा, आणि त्यापलीकडे शुभ्र बूट घातलेली, हातात आइस्क्रीम घेतलेली शेकडो माणसं. दोन दिवसांच्या घामानंतर हे दृश्य अंमळ चिडवणारं असतं. सोनेरी क्रूस गच्चीपासून थोडा बाजूला, पूर्वेकडच्या सुळक्यावर आहे. तिकडे जायला छोटी शिडी आणि पुन्हा तार, उन्हाळ्यात फोटोसाठी रांग. रांग फार लांब असेल तर गच्चीवरून त्याचा फोटो काढा आणि खायला बसा.

उतरणं

चालत उतरू नका. गुडघे, वेळ आणि दुपारची वादळं, तिन्ही विरुद्ध जातात. आइबझेला जाणारी केबल कार 2017 च्या डिसेंबरात सुरू झाली, दहा मिनिटांत खाली आणते. दातेरी रेल्वेने गेलात तर गार्मिशपर्यंत तास-सव्वातास, पण थकल्यावर तीही बरी वाटते. एकेरी तिकीट माथ्यावरच मिळतं, आणि या सगळ्या बेतातला सगळ्यात मोठा खर्च तोच. निघण्याआधी दोन गोष्टी तपासा: शेवटची फेरी किती वाजता, आणि त्या आठवड्यात केबल कार दुरुस्तीसाठी बंद तर नाही ना. जोराच्या वाऱ्यात केबल कार थांबते, रेल्वे तेव्हाही सहसा चालू असते. पण रेल्वे सुटते पठारावरून, आणि माथ्यावरून पठारावर यायलाही केबल कारच लागते. म्हणून वारा वाढताना दिसला तर वर रेंगाळू नका. शेवटची फेरी चुकलीच तर माथ्यावरच्या म्युंशनर हाउसमध्ये जागा आहे का ते विचारायचं, अंधारात तारेवरून उतरायचं नाही.

वाटेत कुठेही अडलात तर 112. कोणत्याही नेटवर्कवर लागतो. 'एस.ओ.एस. ई.यू. आल्प' हे अॅप आधीच घालून ठेवा, बायर्न आणि टिरोलमध्ये ते तुमच्या जागेसकट मदत मागतं. रेंजच नसेल तर शिट्टी किंवा बॅटरी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. उत्तर म्हणून मिनिटात तीन वेळा इशारा येतो. तो आला की जागा सोडू नका.